विश्लेषण : एकट्या गिटारवादकाच्या पायाशी कोणता ‘लूपर’ हवा? मिनिटे मोजावीत की बटणे?

ब्रिटनमधील ग्लास्टनबरी महोत्सवात जून २०१७ मध्ये एड शीरन एकटाच मंचावर आला. हाती अकूस्टिक गिटार, पायाशी बटणांची पेटी, मागे एकही वादक नाही. तरी तालवाद्यापासून सहगायनापर्यंत सारे ऐकू येत होते. दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्या अनेकांनी समाजमाध्यमांवर आरोप केला, की हा आधी ध्वनिमुद्रित केलेला ट्रॅक आहे. हा बॅकिंग ट्रॅक नसून लूप स्टेशन आहे आणि सारे तिथल्या तिथेच वाजवले जाते, असा खुलासा शीरनला करावा लागला. त्याच शीरनचा भारत दौरा जानेवारी २०२५ मध्ये पुण्यापासून सुरू झाला. आज पुण्या-मुंबईच्या कॅफेंत, गोव्याच्या शॅकमध्ये एकट्याने गिटार घेऊन गाणाऱ्यांच्या पायाशीही अशी छोटी-मोठी पेटी दिसू लागली आहे. हौसेने किंवा गरजेपोटी ती घ्यायला निघालेल्यांचा गोंधळ मात्र दुकानातच सुरू होतो. खोक्यावर मिनिटे, तास, ठेके यांचे आकडे असतात आणि मंचावर ज्यावरून फजिती होते, ती गोष्ट त्या आकड्यांत नसते.

लूपर नेमके काय करतो?

तबल्याच्या एकल वादनात हार्मोनियम किंवा सारंगीवर लेहरा धरला जातो. तीच ओळ, त्याच आवर्तनात, पुन्हा पुन्हा. आणि त्यावर तबलावादक आपले कायदे-रेले मांडतो. लूपर पेडल हे गिटारवादकाचे लेहरा धरणारे यंत्र आहे. फरक इतकाच, की लेहराही वादकाने स्वतःच, श्रोत्यांसमोर, काही सेकंदांपूर्वी वाजवलेला असतो.

बटण दाबले की ध्वनिमुद्रण सुरू होते. चार-आठ मापांची कॉर्डची साखळी वाजवून पुन्हा बटण दाबले, की मुद्रण थांबते आणि तोच तुकडा सुरुवातीपासून फिरू लागतो. तिसऱ्यांदा दाबले की त्याच तुकड्यावर दुसरा थर चढवता येतो. याला ओव्हरडब म्हणतात. गिटारच्या पोटावर अंगठ्याच्या बाजूने थाप मारली तर ढोलाचा भास होतो, वरच्या कडेवर बोटे आपटली की टाळीसारखा आवाज येतो, दाबलेल्या तारांवरून हात फिरवला की खुळखुळ्यासारखी खरखर मिळते. असे थर रचले, की एका वाद्याचा छोटा वाद्यवृंद होतो. शेवटचा थर पुसण्याची म्हणजे ‘अनडू’ची सोय बहुतेक पेडलवर असते आणि ती केवळ चूक दुरुस्त करण्यासाठी नसते. ध्रुवपदात वरच्या पट्टीची साथ चढवायची, कडव्यात ती अनडूने काढायची आणि पुढच्या ध्रुवपदाला ‘रीडू’ने परत आणायची, अशी योजना एका बटणाच्या पेडलवरही जमते. अनेकांना पेडल घेऊन वर्ष झाले तरी हा वापर सुचलेला नसतो.

ही कल्पना आली कुठून?

टेपवरून. अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांनी १९६३ मध्ये पॅरिसमध्ये दोन टेप रेकॉर्डर शेजारी ठेवून एकाच टेपची फीत दोघांतून फिरवली. पहिल्यावर मुद्रित झालेला आवाज दुसऱ्यावर काही क्षणांनी उमटे आणि पुन्हा पहिल्याकडे जाई. त्या प्रयोगात ट्रम्पेटवादक चेट बेकर यांचे वादन होते. पुढे गिटारवादक रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन इनो यांनी याच पद्धतीने केलेला अल्बम १९७३ मध्ये आला. फितीची जागा चिपने घेतल्यावर ही यंत्रणा पायाखाली मावू लागली. लाइन सिक्स कंपनीचे हिरवे ‘डीएल-फोर’ पेडल १९९९ मध्ये आले, तर बॉसचे ‘आरसी-२०’ २००१ मध्ये. २००४ मध्ये बीबीसीवरील जूल्स हॉलंड यांच्या कार्यक्रमात ऐनवेळी मिळालेल्या संधीत स्कॉटलंडची के. टी. टनस्टॉल अकाई कंपनीचे ‘हेडरश’ पेडल घेऊन एकटीच उभी राहिली आणि एका गाण्यात ती घराघरांत पोहोचली. अकूस्टिक गिटार आणि लूपर ही जोडी तेव्हापासून लोकप्रिय झाली, असे म्हणायला हरकत नाही.

मेमरी किती मिनिटांची हवी?

‘डीएल-फोर’मध्ये लूपसाठी जेमतेम १४ सेकंद मिळत. त्यावर कित्येकांनी कारकीर्द केली. आज टीसी इलेक्ट्रॉनिकच्या ‘डिट्टो’वर ५ मिनिटे, बॉसच्या ‘आरसी-१’वर १२ मिनिटे, तर ‘आरसी-५’वर सुमारे १३ तास मिळतात. आकडे मोठे होत गेले, गाणी मात्र तेवढीच राहिली.

हिशेब साधा आहे. मिनिटाला ९० मात्रांची लय, चार मात्रांचे एक माप आणि अशी चार मापे म्हणजे १६ मात्रा. त्याला साधारण पावणेअकरा सेकंद लागतात. म्हणजे ५ मिनिटांत असा लूप २८ वेळा मावेल. आठ मापांचा, संथ लयीचा लूपही अर्ध्या मिनिटाच्या आसपासच राहतो. वर चढवलेल्या थरांना जास्तीची लांबी लागत नाही, कारण ते त्याच चौकटीत मिसळतात. तेव्हा प्रत्यक्ष कार्यक्रमात लूप रचण्यासाठी तासांचा काहीही उपयोग नाही. १३ तास उपयोगी पडतात ते घरी तयार केलेले तुकडे ९९ कप्प्यांत साठवून ठेवणाऱ्याला. ज्याला सारे मंचावरच घडवायचे आहे, त्याने मोठ्या आकड्यासाठी खिसा हलका करू नये.

मग पाहायचे काय?

लूप थांबवायचा कसा, हे. दुकानात जो तो लूप सुरू करून पाहतो. मंचावर घाम फुटतो तो गाण्याच्या शेवटी.

एका बटणाच्या बहुतेक पेडलवर लूप थांबवण्यासाठी बटण दोनदा झटपट दाबावे लागते. समजा गाणे समेवर धाडकन संपवायचे आहे. दुसऱ्या दाबाने आवाज थांबतो, म्हणजे दुसरा दाब समेवर पडायला हवा आणि पहिला त्याच्या किंचित आधी. हात शेवटचा कॉर्ड मारतो आहे, गळा शेवटचा शब्द धरून आहे आणि पायाला ऑफबीट नाचायचे आहे. सरावाने हे जमते. पण पहिले पाच-सहा कार्यक्रम सरावाचे नसतात, पैसे देऊन बोलावलेल्या यजमानाचे असतात. शिवाय काही पेडलवर पहिल्या दाबाने ओव्हरडब सुरू होतो आणि दुसऱ्या दाबापर्यंतचा कपचा लूपमध्ये शिरतो. पुढच्या वेळी तोच लूप सुरू केला, तर तो कपचाही हजर.

थांबवण्यासाठी वेगळे बटण असले, की हा प्रश्न संपतो. ‘डिट्टो एक्स-२’वर दोन बटणे आहेत. ‘आरसी-१’ आणि ‘आरसी-५’ला बाहेरून जादा फूटस्विच जोडता येतो आणि त्याला थांबवण्याचे काम देता येते. छोटे पेडल आणि असा एक स्विच, ही जोडी कॅफेत गाणाऱ्या बहुतेकांना पुरते. पेडल निवडताना बाहेरच्या स्विचसाठी जागा आहे की नाही, हे पहिल्यांदा पाहावे. नसेल तर ते पेडल घरच्या रियाझासाठी ठीक, एवढेच.

दुसरी गोष्ट बटणाच्या क्रमाची. लूपचे मुद्रण संपवायला बटण दाबल्यावर पेडल नुसते वाजवू लागते की थेट ओव्हरडबमध्ये जाते? ‘डिट्टो’वर आधी वादन, मग ओव्हरडब. बॉसच्या अनेक पेडलवर मूळ क्रम उलटा असतो आणि सेटिंगमध्ये तो बदलता येतो. हे ठाऊक नसलेला वादक लूप बंद करून निवेदन करता करता तार जुळवायला घेतो आणि ती तार लूपमध्ये जाऊन बसते. मित्राच्या पेडलवर सराव केला आणि कार्यक्रमात दुसरेच पेडल वापरले, तर हा घोटाळा हमखास होतो.

तिसरी गोष्ट बटणाच्या स्पर्शाची. पाय टेकताच मुद्रण सुरू होते की पाय उचलल्यावर? काही बटणे दाबताना काम करतात, काही सोडताना. लूप समेवरच बंद व्हायला हवा. तो दशांश सेकंदाने जरी उशिरा बंद झाला, तरी प्रत्येक आवर्तनात समेवर एक ठेच लागते आणि श्रोत्यांना कारण कळले नाही तरी काहीतरी लंगडते आहे हे कळते. म्हणून दुकानात पेडल पाहताना एकच कॉर्ड चार माप वाजवून लूप बंद करावा आणि तो दहा आवर्तने फिरू द्यावा. ठेच पायामुळे आहे की बटणामुळे, हे दोन-तीन प्रयत्नांत कळते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, जिचा उल्लेख परदेशी परीक्षणांत सापडणार नाही. मंचावर चप्पल-बूट काढून जायची पद्धत. धातूच्या उंच गोल बटणावर अनवाणी पाय तासभर आपटणे सुखाचे नसते. बॉसच्या छोट्या पेडलची रुंद फळी इथे सोयीची पडते. बैठक मारून वाजवणाऱ्याला तर पाय मोकळाच नसतो. त्याने ‘आरसी-५०५’सारखे, टेबलावर ठेवून हाताने चालवायचे यंत्र पाहावे, पण मग लूप सुरू-बंद करताना गिटारवरचा एक हात काढावा लागेल, हे गृहीत धरूनच रचना बसवावी लागते.

एक ट्रॅक पुरतो की दोन हवेत?

एका ट्रॅकच्या पेडलवर सारे थर एकमेकांत मिसळतात. थाप, बेस, कॉर्ड असे तिन्ही चढवल्यावर मधला बेस तेवढा काढता येत नाही. कडव्याचे आणि ध्रुवपदाचे कॉर्ड वेगळे असतील, तर एकच लूप दोन्हीकडे चालत नाही. दोन ट्रॅक असतील तर एकावर ठेका कायम ठेवून दुसऱ्यावरचे कॉर्ड थांबवता येतात, किंवा एकावर कडवे आणि दुसऱ्यावर ध्रुवपद ठेवून आलटून पालटून वाजवता येते. पहिला प्रकार समांतर, दुसरा क्रमाने. सगळीच यंत्रे दोन्ही प्रकार देत नाहीत, त्यामुळे ‘दोन ट्रॅक’ एवढे वाचून थांबू नये.

बॉसच्या ‘आरसी-५००’वर दोन ट्रॅक आणि तीन फूटस्विच आहेत. २०२१ मध्ये आलेल्या ‘आरसी-६००’वर सहा ट्रॅक आणि नऊ स्विच. शीरनच्या नावाने २०२३ मध्ये हेडरश कंपनीसोबत आलेल्या दोन यंत्रांपैकी धाकट्यावर दोन ट्रॅक आहेत, थोरल्यावर चार. मोठ्या यंत्राच्या किमतीत चांगली अकूस्टिक गिटार येते, हे लक्षात असू द्यावे. त्याहून मोठा खर्च वेळेचा आहे. नऊ स्विचचा नकाशा पायात उतरायला महिने लागतात आणि तोवर वादकाची नजर श्रोत्यांऐवजी जमिनीवर राहते.

निर्णय कागदावर होऊ शकतो. नेहमी वाजवली जाणारी दहा गाणी घ्यावीत आणि प्रत्येकासमोर लिहावे, की एकच कॉर्डची साखळी संपूर्ण गाण्यात चालते का. हिंदी-मराठी चित्रपटगीतांत मुखडा आणि अंतरा बहुधा वेगळ्या वाटेने जातात, मधले म्युझिक तिसऱ्याच. त्यामुळे इंग्रजी पॉप गाणाऱ्याला पुरणारा एक ट्रॅक आपल्या गाण्यांना अपुरा वाटू शकतो. यावर स्वस्त तोडगाही आहे. लूप फक्त ठेक्याचा करायचा, त्यात सूर नाहीच आणि कॉर्ड हाताने वाजवत राहायचे. थापेला मुखडा-अंतऱ्याशी देणेघेणे नसते. अनेक जाणते वादक एवढ्यावरच भागवतात आणि ते ऐकायलाही मोकळे वाटते.

अकूस्टिक गिटारची वेगळी अडचण कोणती?

बहुतेक इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटारमध्ये तारा जिथे टेकतात त्या सॅडलखाली पिझो पिकअप असतो. तो कंप पकडतो. तारांचा आवाज त्यात स्वच्छ येतो. पण पोटावरची थाप घोंगावत, खर्जाने भरलेली येते. ती लूपमध्ये गेली की ध्वनिसंयोजक मिक्सरवर खर्ज कापतो आणि त्याबरोबर गाण्याखालची गिटारही पातळ होते. म्हणून थाप मुद्रित करताना प्रीअँपवरचा बेस खाली घ्यावा, मग कॉर्डच्या थराला पूर्ववत करावा. कापाकापी लूपच्या आधी झाली, तर नंतर भांडण राहत नाही.

जोडणीचा क्रमही महत्त्वाचा. गिटार, मग ट्यूनर आणि प्रीअँप, मग लूपर, मग डीआय बॉक्स, तिथून मिक्सर. रिव्हर्बचे पेडल लूपरच्या आधी ठेवले, तर तो परिणाम प्रत्येक थरात कायमचा गोठतो आणि चार थरांनंतर सारे धूसर होते. नंतर ठेवले, तर सगळ्यांना मिळून एकच रिव्हर्ब मिळतो. छोट्या खोलीत दुसरा मार्ग बरा.

शिट्टीसारखा घुमणारा फीडबॅक ही अकूस्टिक गिटारची जुनी दुखणी. लूपर असला की ती बळावते, कारण मुद्रण चालू असताना फीडबॅक आला, तर तो प्रत्येक आवर्तनात परत येतो. गिटारच्या तोंडावर बसणारे रबरी झाकण स्वस्त असते आणि बहुतेकदा तेवढ्यानेच काम होते. लूपची पातळीही हाती वाजणाऱ्या गिटारपेक्षा किंचित खाली ठेवावी, नाहीतर स्वतःच्याच पाच थरांखाली वादकाचा सोलो गाडला जातो. साउंड चेकला एकट्या गिटारवर आवाज लावून घेणाऱ्यांची इथे फसगत होते. पूर्ण रचलेला लूप वाजवूनच पातळी ठरवावी.

आवाजाचाही लूप करायचा असेल तर?

गिटारच्या पेडलमध्ये पाव इंची जॅक असतो, त्यात माइक थेट लावून चालत नाही. ‘आरसी-५००’ आणि ‘आरसी-६००’ यांना माइकसाठी एक्सएलआर जोडणी आहे. ‘आरसी-१’सारख्या स्टिरिओ पेडलवर एक युक्ती चालते. एका बाजूला गिटार, दुसऱ्या बाजूला प्रीअँपमधून आलेला माइक लावायचा आणि मिक्सरवर दोन वेगळ्या चॅनलना द्यायचे. एरवी कॅफेतील ध्वनियंत्रणा बहुधा मोनोच असते, त्यामुळे केवळ ‘स्टिरिओ आहे’ म्हणून जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. माइकचा लूप करताना खोलीतले सारे त्यात शिरते, हेही आहे. शेजारच्या टेबलावर पडलेला चमचासुद्धा मग गाणे संपेपर्यंत तालात पडत राहतो.

सोबत ताल धरणारा असेल तर काय बदलते?

काहोन किंवा तबला वाजवणारा साथीदार असेल, तर लयीचा मालक बदलतो. माणसे एकमेकांना सांभाळून घेतात, लूप कोणालाच सांभाळत नाही. रंगात येऊन साथीदाराने लय किंचित वाढवली, की दोन आवर्तनांत गाणे फाटते. त्यामुळे साथीदाराला लूप स्पष्ट ऐकू आलाच पाहिजे. कॅफेत स्पीकर श्रोत्यांकडे तोंड करून असतात आणि मागे बसलेल्याला केवळ घुमारा ऐकू येतो. अशा ठिकाणी मॉनिटर स्पीकर किंवा निदान इअरफोनची सोय मागून घ्यावी. ती नसेल, तर त्या दिवशी लूपर पिशवीतच ठेवलेला बरा. पेडलमधील तयार ठेके हा एकट्या वादकासाठी पर्याय आहे. मुद्रण त्या ठेक्याला बांधून घेण्याची सोय काही पेडलवर असते, म्हणजे पाय थोडा चुकला तरी लूप मापावर बंद होतो. शिकताना हे वरदान आहे. मंचावर मात्र ठेका आपल्या बोटांचा असला, तर समोरच्यांना तो घडताना दिसतो आणि या खेळाची निम्मी गंमत त्या दिसण्यात आहे.

वीज आणि खरेदीबाबत काय सांभाळावे?

बहुतेक छोटी पेडल ९ व्होल्टवर चालतात आणि त्यांचे टोक आतून ऋण असते. घरातल्या राउटरचा किंवा कीबोर्डचा अडॅप्टर बसतो म्हणून लावला आणि पेडल कायमचे गेले, अशी उदाहरणे कमी नाहीत. लूपर डिजिटल असल्याने साध्या पेडलपेक्षा जास्त विद्युतप्रवाह मागतो. अडॅप्टरवरील मिलिअँपिअरचा आकडा पेडलवरील आकड्याइतका किंवा जास्त हवा. ‘डिट्टो’त बॅटरीची सोयच नाही. त्यामुळे उघड्यावरच्या कार्यक्रमाला जाताना विजेचे काय, हे आधी विचारावे.

पहिल्याच खरेदीला महागडे यंत्र घेण्याऐवजी एक ट्रॅक, थांबवण्याचे वेगळे बटण आणि अनडू एवढ्यावर सुरुवात करणे शहाणपणाचे. वर्षभरात नेमके काय कमी पडते ते कळते आणि चांगल्या कंपनीचे छोटे पेडल विकायलाही सोपे जाते. स्वस्त नक्कल पेडल घरच्या रियाझाला चालतात. त्यांचा घात बहुधा बटणावर होतो. जुने पेडल विकत घेतानाही तिथेच पाहावे. बटण वीस-पंचवीस वेळा दाबून प्रत्येक दाब लागतो का ते मोजावे, एकाच दाबाला ते दोनदा प्रतिसाद देत नाही ना हे तपासावे आणि काहीही न वाजवता रिकामा लूप करून आवाज पूर्ण चढवावा. त्यात घरघर ऐकू आली, तर आधी दुसरा अडॅप्टर लावून पाहावा. तरीही ती राहिली, तर दोष पेडलमध्ये असण्याची शक्यता मोठी आणि मग विकणारा कितीही किंमत कमी करो, ते तिथेच सोडून यावे.